घोंगड्यांच्या वहीवरून संस्थेचा इतिहास लावताना

१० जून २०२४, सोमवार

शनिवारच्या विश्वस्त सभेत काम गळ्यात पडलं. संस्थेच्या वाटचालीची चौसष्ट पानी पुस्तिका, दिवाळीच्या आत, आणि खर्च पंचवीस हजारांच्या वर जायचा नाही. मी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, तेवढ्या भांडवलावर सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला इतिहास लिहिता येत नाही, हे सांगून पाहिलं. "अहो, सगळं कपाटात आहे. नुसतं लावायचंय," अध्यक्ष म्हणाले.

संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. पुढे आमच्याच चुका येणार आहेत, शिवाय आत झोपणाऱ्या माणसांचं खाजगी काही येईल. पुणे स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर एक हॉल, मागे स्वयंपाकघर, रोज रात्री खिचडी, थंडीत घोंगड्या, एवढा आमचा पसारा. दर्शनी भिंतीवर फलक आहे, 'स्थापना १९६१'. त्यामागची गोष्ट सगळ्यांना पाठ : पानशेत धरण फुटलं, चार मित्रांनी पुरात घर गेलेल्यांना भाकरी वाटली, आणि संस्था उभी राहिली.

कपाट उघडलं. सत्तावीस वार्षिक अहवाल, इतिवृत्ताच्या वह्या, पावतीपुस्तकं, आणि खाली दोन पत्र्याच्या ट्रंका. एका ट्रंकेला वाळवी, दुसरीत कसर. डांबराच्या गोळ्या कुणीतरी मुठीमुठीने टाकलेल्या, अर्ध्या तासात डोकं धरलं. बाकी काही करायच्या आधी मास्क आणि खिडकी.

१३ जून, गुरुवार

दोन चुका, दोन्ही माझ्याच.

पहिली : वह्या गच्चीवर उन्हात टाकल्या. तासाभरात पुठ्ठे पापडासारखे वळले. कागदाला वारा हवा, ऊन नको. आता हॉलमध्ये पंख्याखाली, पण पंखा एक नंबरवर, अशा उभ्या करून ठेवल्यात.

दुसरी जास्त महागात पडली. एका वहीवरची धूळ ओल्या फडक्याने टिपली आणि बघता बघता पान जांभळं झालं. पूर्वी कारकून लोक कॉपिंग पेन्सिल वापरायचे. दिसायला साधी शिसपेन्सिल, पाणी लागलं की शाई. एका पानावरच्या अकरा ओळी गेल्या त्या गेल्या. चाळीस वर्षं कागदात काढलेल्या बाईला हे आठवायला हवं होतं. त्यानंतर फक्त कोरडा, मऊ केसांचा ब्रश, आणि तोही शिवणीकडून बाहेर. गंजलेल्या स्टेपलच्या पिना ओढून काढायच्या नाहीत, मागून पाकळ्या उघडून काढायच्या. एका फाइलला वीस मिनिटं लागतात, लागू द्या.

१९ जून, बुधवार

नोंदणी प्रमाणपत्र सापडलं. १८६० च्या कायद्याखाली संस्था आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली न्यास, दोन्ही नोंदण्या १९६८ मधल्या. आनंदाच्या भरात खजिनदारांनी ते तासाभरात लॅमिनेट करून आणलं. चाळीस रुपये. आता ते कधीच सुटं होणार नाही, आणि फोटो काढला की वर ट्यूबलाइट चमकते. मी काही बोलले नाही. चहा घेतला.

सभेत नियम केला : जुन्या कागदाला लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही, फेव्हिकॉल नाही. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून जाड कागद आणून त्याची पाकिटं करतोय. खोक्यांसकट ३,६०० रुपये झाले. खजिनदारांनी बिल दोनदा वाचलं.

२७ जून, गुरुवार

स्कॅनिंग. मोबाइलला स्टँड, दोन बाजूंनी दोन दिवे, १,९५० रुपये. कॉलेजचा एक मुलगा रोज संध्याकाळी येतो, चार संध्याकाळींत त्याने ६१२ पानं उरकली. काळं-पांढरं ठेवलंय, म्हणजे फाइल लहान होते आणि अक्षर ठसठशीत दिसतं, असं त्याचं म्हणणं. मला पटलं. (ही ओळ लक्षात ठेवा, ऑगस्टमध्ये रडायची आहे.)

ही ६१२ पानं म्हणजे ट्रंकेतल्या घोंगड्यांच्या पाच वह्या. कुणाला घोंगडी दिली, कुठे, आणि समोर अंगठा. त्या मी वाचल्या नाहीत. हिशेबाचा कचरा वाटला. अहवाल आणि इतिवृत्तं हाताशी असताना यात काय बघायचं?

३० जून, रविवार

पालख्या पुण्यात. हॉलमध्ये वारकऱ्यांची दिंडी उतरली आहे, कपाटासमोर टाळ-मृदंगांची थप्पी. दोन दिवस काम बंद.

८ जुलै, सोमवार

पार्श्वभूमीचं प्रकरण लिहिलं आणि फाडलं. पुण्यात बसून असलं काही लिहायचं तर फुल्यांपासून सुरुवात केल्याशिवाय हात चालत नाही. १८६३ चं बालहत्या प्रतिबंधक गृह, १८७७ च्या दुष्काळातला धनकवडीचा बालाश्रम, डेव्हिड ससून यांच्या देणगीचं अनाथ पंगू गृह (म्हणजे आत्ताचं निवारा), प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ रोजी गेलेल्या सावित्रीबाई. नऊ पानं झाली. पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं, आमच्या संस्थेचा यातल्या कशाशीही धागा नाही. नुसतं मोठ्यांच्या फोटोशेजारी उभं राहायचं. नऊ पानांच्या दहा ओळी केल्या. पाच दिवस गेले.

अहवालांवरून पहिलं खरं प्रकरण मात्र झालं. अध्यक्ष, उपाध्यक्ष, देणगीदार, कोनशिला. गुळगुळीत झालंय. अध्यक्षांना आवडलं.

१६ जुलै, मंगळवार

आज सगळं उलटलं.

'स्थापना १९६१' ला आधार म्हणून एखादा कागद छापावा, म्हणून शोधत होते. अहवालात नाही, पहिल्या इतिवृत्तातही नाही. ते सुरूच १९६६ पासून होतं. म्हणून नाइलाजाने घोंगड्यांची पहिली वही उघडली. कव्हरवर वर्ष नाही, आत फक्त तारीख आणि वार. ज्या कुणी ती लिहिली त्याला वर्ष माहीतच होतं, लिहायचं कशाला?

पण खर्चाच्या आकड्यांपुढे 'न.पै.' आहे. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले आणि १ जून १९६४ पासून त्यातला 'नवे' गेला. म्हणजे वही या सात वर्षांतली. तिसऱ्या पानावर नोंद : '२६ जानेवारी, शनिवार. झेंड्याचे लाडू, २ रु. ४० न.पै.' कागदावर वार मांडले. २६ जानेवारी शनिवारी आला तो १९५७ मध्ये आणि नंतर थेट १९६३ मध्ये. १९५७ च्या जानेवारीत नवे पैसे नव्हतेच. तेव्हा ते लाडू १९६३ चे. वहीचं पहिलं पान त्याच थंडीतलं, म्हणजे पुरानंतर दीड वर्षाने.

दोनदा तपासलं. मुलाला मोबाइलवर कॅलेंडर बघायला लावलं. बरोबर आहे.

जुने कागद लावणाऱ्यांसाठी हाताशी ठेवायच्या आणखी खुणा : पत्त्यात नुसतं 'पुणे २' असेल तर कागद बहुधा १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. ४११ ००२ असेल तर नक्की नंतरचा. पत्राच्या मायन्यात शके असेल तर ७८ मिळवायचे, पण जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९.

२५ जुलै, गुरुवार

पहाटेपासून पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्याला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. आमच्याकडे पाणी आलं नाही, तरी दोन्ही ट्रंका टेबलावर चढवल्या. रात्री खिचडी शंभर माणसांची जास्त झाली, ती टेंपोने तिकडे गेली.

हॉलमध्ये सगळे पानशेतबद्दल बोलत होते. १२ जुलै १९६१, सकाळी धरण फुटलं, मागोमाग खडकवासला, पेठांत पाणी. ज्यांचा जन्म सत्तरनंतरचा तेही डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगत होते. मी १९६३ चं कुणाला बोलले नाही. दिवस तो नव्हता.

५ ऑगस्ट, सोमवार

पहिली वही पूर्ण वाचली. मुख्य रकाना 'नाव' असा आहे, पण नावं निम्म्यांचीसुद्धा नाहीत. 'लंगडा, स्टेशन'. 'कानडी म्हातारी'. 'टोपीवाला'. 'नाव सांगत नाही'. एके ठिकाणी 'तोच, परत आला, घोंगडी विकली म्हणतो, दिली'.

आणि शेऱ्याच्या रकान्यात, पहिल्या ११२ जणांपैकी ३१ जणांसमोर : 'पूर यादीत नाही'.

दोन दिवस हा शेरा कळेना. मग आमच्या सर्वांत जुन्या विश्वस्तांकडे गेले. वय अठ्ठ्याऐंशी, कान कमी, आठवण लख्ख. म्हणाले, "पुरात घर गेलं त्याला शाळेत जागा मिळाली, मग पत्र्याची अर्धगोल निसेन हट, मग वसाहतीत खोली. पण जो आधीच नदीकाठी उघड्यावर झोपत होता, त्याचं काय गेलं? घर नव्हतंच, तर यादीत नाव कसं येणार? सगळे आपापल्या जागी गेले आणि हे उरले. तेच आमच्याकडे आले."

म्हणजे पुराची गोष्ट साफ खोटी नाही. फक्त आम्ही ती उलट्या माणसांबद्दल सांगत होतो.

मग १९६१ आलं कुठून? ते हसले. "छप्पर गळत होतं."

इतिवृत्त काढून बघितलं. १९८५ मधला ठराव : 'संस्थेची स्थापना १९६१ धरून येते वर्ष रौप्यमहोत्सवी म्हणून साजरे करावे व त्यानिमित्त निधी संकलन करावे.' १९६३ धरलं असतं तर रौप्यमहोत्सव १९८८ ला आला असता, आणि पत्र्याला तीन पावसाळे थांबायची तयारी नव्हती. त्याआधीच्या एकाही लेटरहेडवर स्थापनेचं वर्ष नाही, नंतरच्या प्रत्येकावर १९६१. पैसे जमले, स्लॅब पडला. आज आपण त्याच स्लॅबखाली बसलोय.

१४ ऑगस्ट, बुधवार

मुलाखती सुरू. पहिल्या दोन वाया. एकीत पंख्याची घरघर, दुसरीत चाळीस मिनिटांनी मोबाइल म्हणाला जागा संपली. आता पंखा बंद, दर वीस मिनिटांनी थांबून ऐकायचं.

'तुम्ही इथे कोणत्या साली आलात?' हा प्रश्न बाद केला. साल कुणालाही सांगता येत नाही, आणि येत नाही म्हटलं की माणूस पुढे बोलायचाच थांबतो. एका मोठ्या कागदावर घटना लिहून भिंतीला लावल्या : कोयनेचा भूकंप (डिसेंबर १९६७), बहात्तरचा दुष्काळ, आणीबाणी, इंदिराबाई गेल्या (३१ ऑक्टोबर १९८४), किल्लारी (३० सप्टेंबर १९९३), नोटबंदी, लॉकडाऊन. 'ह्याच्या आधी का नंतर?' एवढंच विचारायचं. सर्वांत उपयोगी पडलेली खूण मात्र कुणीतरी स्वतःहून सांगितली : "गणपती दूध प्यायला, त्याच दिवशी मला इथं आणलं." २१ सप्टेंबर १९९५. एवढी नेमकी तारीख आमच्या कुठल्याच अहवालात नाही.

मग स्वयंपाकघरातल्या मावशी. बार्शीकडून दुष्काळात आईबरोबर आलेल्या, तेव्हा सात-आठ वर्षांच्या. खडी फोडायच्या कामावर मिळणारी सुकडी (पिठाचा कोरडा खाऊ), रेशनचा लाल मिलो (परदेशी ज्वारी), स्टेशनबाहेर काढलेला पावसाळा, हे सगळं भाजी निवडता निवडता सांगितलं. मी लॅपटॉपवर तिसरी वही उघडून दाखवली : 'बाई, दुष्काळी, ३ पोरं, मालधक्का', समोर अंगठा.

मावशींनी बघितलं आणि मान हलवली. "ही आई न्हाई. आई अंगठा देत नव्हती. तिला सही येत होती. चौथीपतूर शिकलेली."

मी म्हटलं, इतक्या वर्षांपूर्वीचं तुम्हाला कसं आठवतं. "सही करायला मिळावी म्हणून ती दोनदा रांगेत उभी ऱ्हायची," म्हणाल्या.

मूळ वही काढली. मालधक्क्याच्या नोंदींचं पुढचं पान. एका नोंदीसमोर, जिथे स्कॅनमध्ये कोरा रकाना होता, तिथे फिकट पेन्सिलीत वाकडीतिकडी सही. काळ्या-पांढऱ्यात ती पुसली गेली होती. मावशींनी चष्मा लावून अक्षर अक्षर वाचलं. मग उठून गेल्या, कुकरची शिट्टी झाली होती.

१५ ते २३ ऑगस्ट

६१२ पानं पुन्हा. रंगीत, ३०० डीपीआय, प्रत्येक पानाच्या कडेला पट्टी ठेवून. नऊ दिवस. हार्ड डिस्क ४,२०० रुपये. पहिल्या स्कॅनमध्ये दिसत नव्हत्या अशा पेन्सिलीच्या नोंदी २०६ सापडल्या. मुलगा गप्प होता. चूक त्याची नव्हती, मी 'पटलं' म्हटलं होतं. फाइलची नावं आता वही-पान अशी आहेत, 'घो३_०४७'. आधी 'स्कॅन१२३ नवीन अंतिम' अशी होती.

३ सप्टेंबर, मंगळवार

एक्सेलमधली दोन लफडी.

पहिलं : मुलाने नावांपुढचे कंस काढून टाकले आणि सारखी नावं एकत्र केली. त्यामुळे 'टोपीवाला' नावाच्या एका गृहस्थांनी अठरा वर्षांत ६३ घोंगड्या नेल्याचं दिसलं. वहीत ते 'टोपीवाला (स्टेशन)', 'टोपीवाला (मालधक्का)', 'टोपीवाला (ससून)' आणि 'टोपीवाला, नवा' असे चार जण आहेत. किमान चार. आता काहीच एकत्र करायचं नाही, एकूण माणसं किती हा आकडाच छापायचा नाही. घोंगड्या किती, तेवढं छापायचं.

दुसरं : जुना जमाखर्च दिवाळी ते दिवाळी चालायचा. नोंदणी झाल्यावर एप्रिल ते मार्च झाला. मी दोन्ही बेरजा घेतल्या, त्यात मधले पाच महिने दोनदा मोजले गेले. ते पाचही महिने थंडीचे, घोंगड्यांचे. आकडा भलताच फुगला होता, आणि फुगलेला आकडा सगळ्यांना आवडला होता.

१९ सप्टेंबर, गुरुवार

विसर्जन झालं, रस्ते मोकळे झाले, पुन्हा बसले.

'येरवडा' या एका शब्दाने तीन आठवडे खाल्ले. साठ-सत्तरच्या वह्यांत ४७ जणांसमोर शेरा आहे, नुसता 'येरवडा'. मी तुरुंग धरला आणि तसं लिहूनही टाकलं : '४७ जणांना तुरुंगवास'. जुन्या विश्वस्तांनी प्रूफ वाचून पेन्सिलीने मोठं प्रश्नचिन्ह काढलं. येरवड्याला तुरुंग आहे, मनोरुग्णालय आहे आणि भिक्षेकरी गृहही आहे. वही लिहिणाऱ्याला तिन्हींसाठी एकच शब्द पुरत होता.

मग नोंदी लावून बघितल्या. १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षं ठेवता येतं. ज्यांच्यासमोर 'येरवडा' आहे त्यांतले एकोणीस जण साधारण तेवढ्याच काळाने वहीत परत दिसतात, काही तर त्याच जागेच्या नावासह. शिवाय बारा जणांची तारीख एकच, शेजारी 'स्टेशनवर गाडी आली'. ही धरपकडच. बाकीचे परत आले नाहीत. ते कुठल्या येरवड्याला गेले, वही सांगत नाही. पुस्तिकेत तुरुंग काढून टाकला, शेरा जसाच्या तसा छापला.

दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ ला याच कायद्याची कलमं दिल्लीपुरती रद्द केली. इथे तो अजून लागू आहे, हे तळटीपेत टाकायला कुणाची हरकत नव्हती. मजकुरात टाकायला होती.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

विश्वस्तांची यादी पूर्ण करायला न्यास नोंदवहीचा उतारा मागवला होता. तीन फेऱ्या झाल्या. त्यातल्या दोन आमच्याच दोषाने, अर्जावर नोंदणी क्रमांक चुकीचा टाकला होता. उतारा बघून खजिनदारांचा चेहरा पडला : विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत फेरफार अहवाल द्यायचा असतो, आम्ही अकरा वर्षांत एकही दिलेला नाही. नोंदवहीप्रमाणे संस्था आजही दोन दिवंगत गृहस्थ चालवतात. पुस्तिकेचा हाच एक फायदा झाला असं वकील म्हणाले. विलंब माफीचे अर्ज आता सुरू.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

अलीकडचा काळ सोपा जाईल वाटलं होतं. सर्वांत कमी कागद २०१५ नंतरचे निघाले. सगळं व्हॉट्सॲपवर, आणि ज्यांच्या फोनवर होतं त्यांनी फोन बदलले. उरलेत ते फोटो : देणगीदार कॅमेऱ्याकडे बघतोय, घोंगडी घेणारा खाली. तारखा नाहीत, नावं नाहीत, टोपीवालासुद्धा नाही. वही १९९८ ला बंद झाली. कुणी बंद केली असं नाही, भरली आणि दुसरी आणली नाही.

एक फाइल मात्र चांगली मिळाली. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री जनगणनेत बेघरांची मोजणी झाली, तेव्हा आमचे दोन कार्यकर्ते प्रगणकांना वाट दाखवायला स्टेशन ते मालधक्का हिंडले. त्यांची टिपणं आहेत : 'फलाटावरचे प्रवासी म्हणून सोडले.' 'पुलाखालचे तिघे उठले नाहीत.' त्या मोजणीत देशभरातून १७ लाख ७३ हजार बेघर निघाले. त्या आकड्यात पुलाखालचे तिघे आहेत का, कुणास ठाऊक.

दुसरा हिशेब मी घरी केला. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान २०१३ ला आलं, त्याच्या निकषाने लाख वस्तीमागे शंभर जणांचा एक निवारा हवा, आणि माणशी ५० चौरस फूट. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची वस्ती ३१ लाख, म्हणजे ३१ निवारे. आमचा हॉल ११५० चौरस फुटांचा, म्हणजे तेवीस माणसं. १९७३ च्या एका फोटोत मी डोकी मोजली, एकसष्ट. आत्ता रात्री चाळीस असतात. हे छापावं की नाही यावर सभेत दीड तास गेला. छापलं नाही. इथे लिहिलंय.

लॉकडाऊनचं पान मावशींनीच सांगितलं. स्टेशनवरच्या बऱ्याच जणांना पालिकेच्या शाळांत नेलं होतं. हॉलमध्ये राहिलेल्यांसाठी त्यांनी बाहेर न जाता एकसष्ट दिवस रांधलं. दिवस त्यांनी भिंतीवर कोळशाने रेघा मारून मोजले होते. नंतर रंगकाम झालं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

छपाईला दिलं. नावांबद्दल ठरलं ते असं : १९८० च्या अलीकडचं एकही नाव नाही, आधीची फक्त टोपणनावं, अंगठ्याचा एकही ठसा छापायचा नाही. आत राहणाऱ्यांचे चेहरे त्यांना विचारल्याशिवाय नाहीत. विचारलं तेव्हा सात जण नको म्हणाले, दोघांनी फोटोसाठी दाढी करून येतो म्हटलं. मावशींच्या आईची सही मावशींना विचारून छापली, पूर्ण पान, बाकी काही नाही. माझं गुळगुळीत पहिलं प्रकरण तीन पानांवर आलं, कोनशिला गेली. अध्यक्ष दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वाचवत नाही हो, पण राहू दे."

खर्च : छपाई ५०० प्रती २३,५००. ब्रश, मास्क, हातमोजे ८५०. रिक्षा, झेरॉक्स, नकला १,७४०. वर लिहिलेली पाकिटं, स्टँड, डिस्क धरून एकूण ३५,८४०. ठरल्यापेक्षा १०,८४० जास्त. पुन्हा करायचं तर पहिल्याच दिवशी रंगीत स्कॅन आणि सर्वांत मळकी वही आधी वाचायची, निम्मा वेळ वाचला असता.

१३ नोव्हेंबर, बुधवार

पुस्तिका आली. पान ३७ वर 'घोंगड्या' चं 'घोगंड्या'. मी स्वतः तीनदा वाचलं होतं.

फलकाचा विषय सभेत निघाला. १९६३ करावं असं चौघांचं मत, तिघांचं राहू द्यावं. पावतीपुस्तकं १९६१ ची छापून पडलीत, आणि नोंदणी तर १९६८ ची. पुस्तिकेत तिन्ही सालं आणि छपराची हकिकत आहे, फलक मात्र आहे तसा. विषय पुढच्या सभेवर.

१२ डिसेंबर, गुरुवार

चौथी आणि पाचवी वही अजून नीट वाचून व्हायची आहे. जांभळ्या झालेल्या त्या पानाच्या अकरा ओळींपैकी निळ्या दिव्याखाली धरून चार लागल्या, त्यांत पुन्हा एक 'टोपीवाला'.

थंडी पडली. काल रात्री वाटप होतं, मुलगा फोटो काढायला लागला तेव्हा मावशींनी त्याच्या हातात पेन दिलं. अप्पा बळवंत चौकातून दोनशे पानी वही आणली, जाड पुठ्ठ्याची, १४० रुपये. रकाने मीच आखले : नाव किंवा सांगतील ते, जागा, सही किंवा अंगठा, शेरा. शाई पाण्याला न फुटणारी. कव्हरवर लाल स्केचपेनने लिहिलंय : 'तारखेपुढे वर्ष घाला.'